रंग ठोकळ्याचा की जागेचा?

भिलाईत रूळ धावत धावत घडतो. तापून लाल झालेला पोलादी पट्टा रोलर टेबलावरून पुढे सरकतो, मिलच्या जबड्यात शिरतो, लांब होऊन बाहेर येतो. इथल्या युनिव्हर्सल रेल मिलमधून १३० मीटरचा अखंड रूळ निघतो आणि असे दोन जोडले की २६० मीटरचे पॅनल होते. एवढी लांबी पेलायची म्हणजे रोलरांची रांग लागते, आणि प्रत्येक रोलरच्या दोन्ही टोकांना बेअरिंग धरून बसलेला एकेक ओतीव ठोकळा. कारखान्यात त्याला प्लमर ब्लॉक म्हणतात.

अशा एखाद्या रोलर टेबलाचे कॅड मॉडेल डोळ्यांसमोर आणा. समजा चाळीस रोलर आहेत, म्हणजे ऐंशी ठोकळे. तिसऱ्या रोलरच्या डाव्या ठोकळ्याचे बूड झिजले आहे. दुरुस्ती करणाऱ्याला नेमके तेवढेच दाखवायचे आहे, म्हणून ड्राफ्ट्समन त्या एका फेसवर, म्हणजे पृष्ठावर, क्लिक करतो, लाल रंग निवडतो आणि ओके म्हणतो. पडद्यावर ऐंशीच्या ऐंशी ठोकळ्यांची बुडे लाल होतात.

नवखा माणूस इथे सॉफ्टवेअरच्या नावाने बोटे मोडतो. खरे तर सॉफ्टवेअरने सांगितलेलेच केले. असेम्ब्लीत ठोकळे ऐंशी दिसत असले तरी फाइल एकच असते आणि बाकी सगळी तिची प्रतिबिंबे. आपण रंग प्रतिबिंबाला देतोय असे वाटते, पण तो लागतो मूळ चेहऱ्याला.

सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये रंगांची चक्क उतरंड आहे. सगळ्यात खाली अख्ख्या पार्टचा रंग, त्यावर बॉडीचा, त्यावर फीचरचा, त्यावर फेसचा. वरचा रंग खालच्याला झाकतो. या चौघांच्याही डोक्यावर असेम्ब्लीतला कम्पोनंट बसतो. त्याला रंग दिला की तो फक्त त्या जागेवरच्या ठोकळ्याला लागतो, पण अख्ख्याला, आणि खालचे फेसचे रंगही त्याच्याखाली गडप होतात. म्हणजे फेसचा रंग पार्टच्या मालकीचा, कम्पोनंटचा रंग जागेच्या मालकीचा. आपल्याला हवे आहे ते नेमके मधले: या जागेवरच्या ठोकळ्याचा एकच फेस. त्यासाठी सरळ बटण नाही, आडवळण आहे. पार्टला दुसरे कॉन्फिगरेशन किंवा डिस्प्ले स्टेट द्यायचे, त्यात बूड लाल करायचे आणि तिसऱ्या रोलरपाशी तेवढे वापरायचे. घाईत असलेला माणूस फाइलची नव्या नावाने प्रत काढतो आणि तिला रंगवतो. काम होते, पण सामानाच्या यादीत आता एकोणऐंशी आणि एक अशा दोन ओळी येतात. स्टोअरवाला मग अस्तित्वात नसलेल्या वेगळ्या ठोकळ्याचा शोध घेत बसतो. रंगासाठी केलेली प्रत मला तरी कधीच स्वस्त वाटलेली नाही.

फुकट मिळणाऱ्या फ्रीकॅडने ०.१९ या आवृत्तीत, २०२१ साली, लिंक नावाची सोय आणली. तिच्यात एकाच प्रतिबिंबाच्या एकाच फेसचा रंग बदलता येतो. पण तिथे दुसरेच दुखणे होते. फेसला नाव नसते, क्रमांक असतो. मॉडेलमध्ये पुढे एखादे भोक वाढवले की क्रमांक सरकत आणि लाल रंग शेजारच्या फेसवर जाऊन बसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीने हे दुखणे बरेच कमी केले.

एका पृष्ठाच्या रंगासाठी एवढा आटापिटा का, याचे उत्तर भिलाईत शोधायचे तर संगणकाकडे नाही, ओतकामाकडे पाहावे लागते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत युनियनशी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा तिथला दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराचे खनिज आणि नंदिनीची चुनखडी घेऊन पोलाद वाहू लागले, आणि मुख्य कारखान्याभोवती सुटे भाग ओतणारी, कापणारी, वेल्डिंग करणारी लहानमोठी युनिटे उभी राहिली. प्लमर ब्लॉक अशाच ठिकाणी जन्मतो. आधी लाकडाचा पॅटर्न, मग वाळूचा साचा, मग रस.

पॅटर्नला रंग लावतात, आणि तो अंगभर एकच नसतो. आयटीआयच्या पुस्तकांतून शिकवला जाणारा जुना संकेत असा: जो फेस पुढे मशीनवर कापायचा तो लाल, जो ओतल्यासारखाच ठेवायचा तो काळा, जिथे कोअर, म्हणजे पोकळी घडवणारा वाळूचा गाभा, टेकणार तो पिवळा. सुट्या तुकड्याची बैठक असेल तर पिवळ्यावर लाल पट्टे. पॅटर्न हातात घेतला की साचेवाल्याला कागद न उघडता कळते की बुडावर कापण्यापुरता जादा माल सोडला आहे. म्हणजे एकेका फेसला वेगळा रंग देण्याची कल्पना सॉफ्टवेअरची नाहीच. सुताराच्या ब्रशला ती आधीच ठाऊक होती.

कागदावरही रंग होते. जुने ड्राफ्ट्समन ओतीव लोखंड करड्या, पितळ पिवळ्या जलरंगाने भरत. जॉन हर्शेलने १८४२ साली शोधलेल्या निळ्या छापाचा पुढे आराखड्यांसाठी सर्रास वापर होऊ लागला आणि हे रंग संपले, कारण छापात सगळेच निळे-पांढरे. त्यांची जागा तिरप्या रेघांनी घेतली. १९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅडने रंग परत आणला, पण वेगळ्याच कामासाठी: पडद्यावरचा लाल म्हणजे प्लॉटरमधले अमुक जाडीचे पेन. कागदावर सारे काळेच उमटे. त्याच ऑटोकॅडमध्ये ‘बायब्लॉक’ नावाचा रंग आहे, म्हणजे जिथे बसवाल तिथला रंग घ्या. जागेच्या मालकीचा प्रश्न तिथेही होताच.

मॉडेल दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे पाठवायचे तर बहुधा स्टेप फाइल करतात. तिचा जुना प्रकार एपी २०३. त्याच्या पहिल्या आवृत्तीत आकार जायचा, रंग नाही. एपी २१४ मध्ये रंग जातो. दोहोंपैकी कुठला निवडला हे सेव्ह करताना फारसे कुणी पाहत नाही आणि पलीकडे फाइल उघडली की सगळे करडे. रंग पाहून कुठला फेस किती बारीक कापायचा हे ठरवणारी कॅम, म्हणजे मशीनला कापण्याच्या सूचना देणारी, सॉफ्टवेअर आहेत. त्यांच्यासाठी हा करडेपणा म्हणजे हरवलेली सूचना. म्हणून शहाणा ड्राफ्ट्समन रंगावर विसंबत नाही. बुडावर फिनिशची खूण काढतो, शेजारी मिलिमीटरमध्ये माप लिहितो, आणि मग रंग देतो.

ड्रॉइंग शेवटी ए-३ कागदावर, काळ्या शाईत, ग्रीसच्या बोटांखाली पोचते. तिथे तिसऱ्या रोलरचा डावा ठोकळा बोल्ट सोडवून खाली उतरवलेला असतो. फिटर तो उलटा करतो आणि झिजलेल्या बुडावर खडूने फुली मारतो. बाकीचे एकोणऐंशी जागच्या जागी, करडेच.