तोंडाला वास येतो? पोटाला दोष देण्याआधी आरशात जीभ बघा

तोंडाच्या दुर्गंधीची एक मोठी अडचण आहे. ज्याच्या तोंडाला वास येतो, त्यालाच तो सहसा कळत नाही, कारण नाकाला त्याची सवय झालेली असते. ज्यांना कळतो ते संकोचाने गप्प बसतात. मग कधीतरी शंका आली की बडीशेप, वेलची, च्युइंग गम सुरू होतं. ‘पोट साफ नसेल’ म्हणून रात्री चूर्णही घेतलं जातं. तरी वास जात नाही.

कारण बहुतेक वेळा उपाय चुकीच्या जागी सुरू असतो. साधारण दहापैकी आठ ते नऊ जणांमध्ये या वासाचं मूळ पोटात नाही, तर तोंडातच असतं.

वास तयार कसा होतो?

आपल्या तोंडात शेकडो प्रकारचे जिवाणू राहतात. त्यातल्या काहींना ऑक्सिजन नको असतो. ते जिभेच्या मागच्या भागात, दातांच्या फटींमध्ये आणि हिरड्यांच्या कडेखाली लपतात. अन्नाचे कण, मृत पेशी आणि लाळेतली प्रथिनं यांचं ते विघटन करतात आणि त्यातून गंधकयुक्त वायू बाहेर पडतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. दुसरा वायू मिथाइल मर्कॅप्टन. स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळावी म्हणून त्यात जे इथाइल मर्कॅप्टन मिसळतात, त्याचाच हा भाऊबंद.

मग सकाळीच वास जास्त का येतो?

लाळ तोंड सतत धुऊन काढत असते. झोपेत ती खूप कमी तयार होते आणि जिवाणूंचं फावतं. उपवास, कमी पाणी पिणं, तोंडाने श्वास घेणं आणि काही औषधं यांमुळेही तोंड कोरडं पडतं.

कच्च्या लसणाचं गणित वेगळं आहे. त्यातली गंधकयुक्त द्रव्यं रक्तात मिसळून फुप्फुसांवाटे बाहेर येतात. म्हणून ब्रश केला तरी तो वास काही तास राहतो. पण तो आपोआप जातो, त्याची काळजी नको.

काळजी कशाची करायची?

रोज येणाऱ्या वासाची. त्यामागे अनेकदा हिरड्यांचा आजार असतो. दातांवर साचलेला थर कडक होऊन त्याचं कीटण बनतं, हिरड्या सुजतात, ब्रश करताना रक्त येतं. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होतं आणि पुढे दात हलू लागतात.

‘दात साफ करून घेतले की ते सैल होतात’ हा गैरसमज इथे नडतो. दात सैल झालेले असतील तर ते आजारामुळे. कीटण काढल्यावर त्याने झाकलेल्या फटी फक्त दिसू लागतात.

मिश्री, गुटखा, तंबाखूने हिरड्यांचं आणखी नुकसान होतं. अनेक घरांत मिश्री आजही दात घासायचं साधन समजली जाते. प्रत्यक्षात ती भाजलेली तंबाखूच आहे आणि तिच्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

घरी काय कराल?

• दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं फ्लोराइडच्या टूथपेस्टने ब्रश करा. रात्रीचा ब्रश चुकवू नका.
• जीभ मागून पुढे हलक्या हाताने घासा. पांढरट थर दिसतो तिथे जिवाणू साचलेले असतात.
• दातांच्या फटींसाठी डेंटल फ्लॉस किंवा बारीक ब्रश वापरा. टाचणी-काडीने कोरू नका.
• कवळी रात्री काढून, स्वच्छ करून ठेवा.
• पाणी पीत राहा. च्युइंग गम हवंच असेल तर बिनसाखरेचं घ्या, त्याने लाळ वाढते.
• माउथवॉशने वास काही वेळ दबतो, पण तो ब्रशची जागा घेऊ शकत नाही.

वास येतो का हे तपासायचंय? मनगटाची आतली बाजू चाटा, दहा सेकंद वाळू द्या आणि हुंगा. साधारण अंदाज येतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

दोन-तीन आठवडे नीट स्वच्छता ठेवूनही फरक पडला नाही, तर आधी दंतवैद्याकडे जा. सरकारी दंत महाविद्यालयांत तपासणी आणि दातांची सफाई कमी खर्चात होते. दात-हिरड्या ठीक असतील तर टॉन्सिल, सायनस किंवा पित्त घशाशी येण्याचा त्रास तपासावा लागतो.

तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला किंवा तोंड पूर्ण उघडेनासं झालं, तर थांबू नका. मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येत असेल आणि सोबत उलट्या किंवा धाप असेल, तर तातडीने रुग्णालय गाठा.

आणि घरातल्या कोणाच्या तोंडाला रोज वास येत असेल, तर चारचौघांत नव्हे, पण एकट्यात नक्की सांगा. त्या माणसाला स्वतःहून ते कळण्याची शक्यता कमीच असते.