संगणकाच्या खतावणीत रकान्याची शुद्धता

दीपावलीच्या मुहूर्तावर चोपड्याचे पूजन करून नवी वही उघडण्याची प्रथा सुरतेच्या पेढ्यांत आजही श्रद्धेने पाळली जाते. परंतु लाभपंचमीला पेढी उघडली की प्रत्यक्ष व्यवहार पडद्यावर चालू होतो, हे आपण सर्वच जाणतो. महिधरपुऱ्यातील हिऱ्यांची पुडी असो, रिंग रोडवरील मार्केटातले कापडाचे तागे असोत, किंवा खजोद येथे १७ डिसेंबर २०२३ रोजी उद्घाटन झालेल्या सुरत डायमंड बोर्समधील एखादे कार्यालय असो. आपली खरी खतावणी आता डेटाबेस नावाच्या कोठारात असते. सभासदांपैकी कित्येकांची मुले-मुली आज स्वतः सॉफ्टवेअर लिहितात, तर कित्येक पेढ्या ते बाहेरून करवून घेतात. या कोठाराशी बोलण्याची जी नवी साधने निघाली आहेत, त्यांत निवड कशी करावी, हे लिहिणाऱ्यासही कळावे व लिहवून घेणाऱ्यासही कळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आमच्याच पेढीत घडलेली एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही येणे बाकीची एक यादी संगणकावर करवून घेतली. सर्वांत मोठी बाकी वर, लहान बाकी खाली, आणि पहिल्या वीस नावांना स्मरणपत्र, अशी तिची योजना होती. काही महिने यादीवर विसंबून पत्रे जात राहिली. एके दिवशी आमच्या वडिलांच्या काळापासून व्यवहार असलेले एक लहान गिऱ्हाईक दुकानी आले आणि शांतपणे म्हणाले, “भाऊ, पंचाण्णव हजारांसाठी तीन-तीन पत्रे? आमच्यावरचा भरवसा उडाला काय?” आम्ही चमकलो. यादी उघडून पाहिली, तो ९५,००० ची बाकी वर, आणि १२,५०,००० ची बाकी यादीतून खाली ढकलली गेलेली! ज्यास तगादा करावयाचा तो निश्चिंत राहिला, आणि ज्याचा मान राखावयाचा तो दुखावला गेला.

दोष कोठे होता? डेटाबेसमध्ये रक्कम बिनचूक होती. बेरीज-वजाबाकीचे नियमही बरोबर होते. परंतु कोठारातून कार्यक्रमाकडे येताना ती रक्कम आकडा म्हणून न येता अक्षरांची ओळ म्हणून आली होती. अक्षरांचा क्रम लावताना संगणक पहिले अक्षर पाहतो. नऊ हा एकापेक्षा मोठा, म्हणून पंचाण्णव हजार साडेबारा लाखांच्या वर बसले. याच दोषाने १२.५० कॅरेट आणि ३.२५ कॅरेट यांची बेरीज १५.७५ न होता ‘१२.५०३.२५’ अशी होते; कारण अक्षरांची बेरीज म्हणजे अक्षरे जोडणे. ही दुसरी चूक डोळ्यांस लगेच दिसते. पहिली दिसत नाही, म्हणून ती अधिक घातक होय.

आपल्या जुन्या मेहताजींच्या हातून अशी चूक सहसा होत नसे. रकमेच्या रकान्यात नाव आणि तारखेच्या रकान्यात वजन लिहावयास त्यांचा हातच धजत नसे. संगणकात या शिस्तीस ‘टाइप’ म्हणजे प्रकार असे म्हणतात. हा आकडा, ही तारीख, हे नाव, हा होय-नाही असा शेरा, असे प्रत्येक रकान्याचे प्रकार ठरलेले असतात. एका प्रकाराच्या जागी दुसरा आल्यास कार्यक्रम चालण्यापूर्वीच हटकले जावे, या व्यवस्थेस प्रकार-सुरक्षा किंवा टाइप-सेफ्टी म्हणतात.

मग अडचण कोठे आहे? अडचण दोन भाषांच्या उंबरठ्यावर आहे. १९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी माहिती कोष्टकांच्या रूपाने ठेवण्याची कल्पना शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील चेंबरलिन व बॉइस यांनी त्या कोष्टकांना प्रश्न विचारण्याची भाषा प्रसिद्ध केली. तीच पुढे एसक्यूएल म्हणून रूढ झाली. कोठार ही भाषा समजते. परंतु पडद्यावरचा कार्यक्रम जावास्क्रिप्ट, जावा, गो अशा निराळ्या भाषेत लिहिलेला असतो. एसक्यूएलमधला प्रश्न हा त्या कार्यक्रमास केवळ एक लांबलचक वाक्य वाटतो. त्यातील रकान्याचे नाव चुकले काय किंवा रक्कम अक्षरांत आली काय, त्यास पत्ता नसतो. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने टाइपस्क्रिप्ट ही भाषा पुढे आणून जावास्क्रिप्टला प्रकारांची शिस्त लावली. परंतु ही तपासणी कार्यक्रम तयार होतानाच होते. तो चालू लागला की प्रकारांची पाटी पुसली जाते. आमच्या यादीत नेमके हेच झाले. कार्यक्रमात ‘रक्कम हा आकडा आहे’ असे हाताने लिहिलेले होते, आणि पोस्टग्रेस डेटाबेसशी नोड या व्यवस्थेतून बोलणारा प्रचलित दुवा दशांश रकमा मुद्दाम अक्षरांत देतो, कारण जावास्क्रिप्टच्या साध्या आकड्यात त्या तंतोतंत मावतीलच अशी खात्री नसते. त्या भाषेत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. दुव्याने सावधगिरी बाळगली. आमच्या पाटीने ती झाकली.

आता साधनांकडे वळू. त्यांची तुलना करताना एकच प्रश्न मुख्य धरावा : रकान्यांची मूळ यादी कोणाची प्रमाण मानली आहे?

पहिले साधन प्रिझ्मा. यात कोष्टकांचे वर्णन एका स्वतंत्र फाइलीत, सोप्या भाषेत लिहावयाचे असते. त्यावरून साधन स्वतःच कार्यक्रमासाठी लागणारा मजकूर तयार करते. ‘या गिऱ्हाइकाची सर्व बिले आण’ अशा सरळ मागण्या यात फार सुबक रीतीने लिहिता येतात, आणि नवशिक्याला ते वर्णन वहीच्या रकान्यांसारखे वाचता येते. दशांश रक्कम हे साधन एका विशेष वस्तूच्या रूपात देते. दोन रकमांमध्ये नुसते अधिक चिन्ह घातले तर टाइपस्क्रिप्ट तेथेच अडवते आणि योग्य बेरजेची क्रिया वापरावयास लावते. आमची चूक येथे पहिल्याच दिवशी पकडली गेली असती. दोष असा, की वर्णन बदलले की मजकूर पुन्हा तयार करण्याची पायरी विसरता येत नाही. आणि गुंतागुंतीचे हिशेब लिहिताना शेवटी हाताने एसक्यूएल लिहावे लागते. त्या हाताच्या एसक्यूएललाही प्रकारांची तपासणी मिळावी अशी सोय २०२४ मध्ये त्यात आली.

दुसरे साधन ड्रिझल. यात कोष्टकांचे वर्णन टाइपस्क्रिप्टमध्येच असते, म्हणून मजकूर निर्माण करण्याची निराळी पायरी नाही. प्रश्नांची रचना एसक्यूएलसारखीच असल्याने ती भाषा जाणणाऱ्यास ते लगेच अवगत होते. पोस्टग्रेसमधील दशांश रक्कम हे साधन सहसा अक्षरांच्या प्रकारात देते आणि तसे स्पष्ट सांगतेही. म्हणजे ते खोटे बोलत नाही. परंतु दोन अक्षरओळी जोडू नका, असेही ते बजावत नाही. आकड्याच्या जागी ती ओळ ठेवू गेल्यास मात्र हटकते.

तिसरे साधन किसेली. फिन्निश भाषेत या शब्दाचा अर्थ विचारणा असा आहे, आणि ते केवळ विचारणेचेच काम करते; वस्तूंचे नातेसंबंध सांभाळण्याचा पसारा मांडत नाही. रकान्याचे नाव चुकल्यास, किंवा जोडलेल्या कोष्टकात नोंद नसण्याचा संभव असल्यास, ते लिहितानाच सूचना देते. परंतु प्रकारांची यादी त्याला आपण पुरवावी लागते. ती हाताने लिहिली आणि चुकली, तर साधन त्या चुकीवरच विश्वास ठेवते. म्हणून प्रत्यक्ष डेटाबेस वाचून ती यादी तयार करणारे जोडसाधन वापरणेच श्रेयस्कर.

चौथा वर्ग निराळा आहे. गो भाषेसाठीचे एसक्यूएलसी हे साधन उलट दिशेने चालते. आपण शुद्ध एसक्यूएल लिहावे. ते कोष्टकांच्या व्याख्या व प्रश्न वाचून कार्यक्रमाचा मजकूर तयार करून देते. जावा भाषेतील जूक हे साधन सामान्यतः प्रत्यक्ष डेटाबेस वाचून त्याप्रमाणे वर्ग निर्माण करते आणि दशांश रकमेस जावाचा तंतोतंत दशांश प्रकार देते. रस्ट भाषेतील एसक्यूएलएक्स तर कार्यक्रम बनवतानाच डेटाबेसला विचारून प्रश्न तपासून घेऊ शकते. ज्या पेढीच्या हिशेबात मोठे, अनेक कोष्टकांचे प्रश्न आहेत, तिला हा वर्ग अधिक मानवेल.

यावरून निष्कर्ष असा निघतो, की ज्या साधनात वर्णन आणि कोठार यांमधले अंतर कमी, ते अधिक विश्वसनीय. रात्री कोणी डेटाबेसमध्ये हाताने रकाना बदलला आणि वर्णन जुनेच राहिले, तर त्या जुन्या वर्णनावर चालणारे साधन सकाळी निःशंकपणे ‘सर्व ठीक’ म्हणेल. त्याची तपासणी वर्णनाशी असते, वस्तुस्थितीशी नव्हे.

तथापि साधन कितीही चांगले असले तरी रकान्याचा प्रकार निवडण्याची जबाबदारी आपलीच राहते. कच्च्या हिऱ्यांवर जीएसटीचा दर ०.२५ टक्के ठरला. हा दर कोणी पूर्णांकाच्या रकान्यात ठेवला, तर पोस्टग्रेस तो निमूटपणे शून्य करून घेईल. चहाचा एचएसएन क्रमांक ०९०२ आहे. तो आकडा म्हणून ठेवल्यास आरंभीचे शून्य गळते आणि ९०२ उरतात. ज्याची बेरीज कधी करावयाची नाही, तो क्रमांक असूनही आकडा नव्हे, हा नियम ध्यानात ठेवावा. जीएसटी क्रमांक, पिन कोड व दूरध्वनी क्रमांक हे सर्व अक्षरांच्या रकान्यात शोभतात. रुपये दशांश प्रकारात ठेवावेत, किंवा पैशांत रूपांतर करून पूर्णांकात ठेवावेत. रिकामा रकाना आणि शून्य यांतही भेद करावा. ‘वजन केले नाही’ आणि ‘वजन शून्य आहे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोबाइलमधील अनेक ॲप एसक्यूलाइट वापरतात. ते मूळ स्वभावाने पूर्णांकाच्या रकान्यातही अक्षरे सामावून घेते. कडक शिस्तीची कोष्टके करण्याची सोय त्यात २०२१ मध्ये आली. ती वापरावी.

परिमाणाची गोष्ट याहूनही सूक्ष्म आहे. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणजे पाच कॅरेटांचा एक ग्रॅम. कॅरेट आणि ग्रॅम हे दोन्ही संगणकास आकडेच. एका रकान्यात एकाने कॅरेट व दुसऱ्याने ग्रॅम लिहिले, तर कोणतेही साधन आपणहून ओरडणार नाही. अमेरिकेच्या नासा संस्थेचे मंगळाकडे गेलेले मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले, ते अशाच कारणाने. एका बाजूचा कार्यक्रम पौंडाच्या मापात आकडे देत होता आणि दुसरी बाजू ते न्यूटनच्या मापात समजत होती. दोघांचे गणित बरोबर, फक्त परिमाण निराळे. म्हणून रकान्याच्या नावातच परिमाण लिहावे : ‘वजन’ न लिहिता ‘वजन_कॅरेट’ लिहावे. टाइपस्क्रिप्टमध्ये कॅरेट व ग्रॅम यांना भिन्न प्रकारांची खूण देण्याचीही युक्ती आहे.

आणखी एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. प्रकार बरोबर असला तरी नोंद बरोबर असेलच असे नाही. एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर नावे पडली, तर रक्कम आकडा आहे, खाते खाते आहे. प्रकार-सुरक्षा समाधानी राहील. त्यासाठी डेटाबेसमध्येच बंधने घालावीत : अस्तित्वात नसलेल्या खात्यावर नोंद होऊ नये, वजन उणे असू नये, आणि जमा व नावे या दोन्ही बाजू एकाच व्यवहारात लिहिल्या जाव्यात, नाहीतर एकही लिहिली जाऊ नये.

सॉफ्टवेअर करवून घेणाऱ्या सभासदांनी कारागिरास चार प्रश्न अवश्य विचारावेत. कोष्टकांचे प्रमाण वर्णन कोठे आहे? दशांश रक्कम कार्यक्रमात कोणत्या प्रकाराने येते? रकाना बदलला तर चूक कोण, केव्हा पकडेल? उद्या हे साधन सोडावयाचे झाले, तर आमची कोष्टके साध्या एसक्यूएलने वाचता येतील ना? या प्रश्नांची उत्तरे सरळ मिळाली, तर साधन प्रिझ्मा आहे की ड्रिझल, हा भेद दुय्यम समजावा. लहान पेढीस, जेथे घरातलेच मूल काम पाहते, तेथे प्रिझ्मा सोयीचे वाटते. एसक्यूएल उत्तम जाणणाऱ्यास ड्रिझल किंवा किसेली. आणि हिशेबांचा व्याप मोठा असल्यास एसक्यूएलसी किंवा जूक. नवे साधन प्रथम खऱ्या वहीवर न लावता तिच्या प्रतीवर लावून पाहावे, आणि मागील वर्षाची बाकी जुन्या हिशेबाशी पैशापैशाने जुळते की नाही, हे पाहूनच पुढे जावे.

आमच्या त्या जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी आम्ही स्वतः जाऊन आलो. चूक संगणकाची आहे असे आम्ही सांगितले नाही. कारण ती आमचीच होती. रकाना आम्ही ठरविला होता, आणि तपासण्याचे आम्ही टाळले होते. त्यांनी चहा पाजला आणि विषय मिटविला. परंतु त्या दिवसापासून नवी यादी हाती आली की पहिल्या दोन बाकींवर आम्ही बोट ठेवून पाहतो. वही कागदाची असो वा पडद्यावरची, तिच्यावर पेढीची पत उभी असते. आणि ती पत रकान्यारकान्याने राखावी लागते.