खाडीकाठची वर्गणी

ठाण्याच्या खाडीवर, कळव्याजवळ पारसिकच्या डोंगराखालच्या काठाला लोक आजही रेतीबंदर म्हणतात. ज्या रेतीवरून हे नाव पडले तिचा जुना धंदा मात्र उठल्यात जमा आहे. होडी उभी करून खाडीत बांबू रोवायचा, डुबी मारणाऱ्याने तो धरून तळाशी जायचे, बादली रेतीत दाबून भरायची आणि वरच्या गड्यांनी ती दोराने ओढून घ्यायची, ही झाली हातपाटी. फुप्फुसांच्या जोरावर चालणारे हे काम दिवसाला काढून काढून किती रेती काढणार? मग सक्शन पंप आले. तळ खरवडला गेला, काठची खारफुटी गेली, पाठोपाठ कारवाया सुरू झाल्या. आता इथे विसर्जन घाट आहे आणि ठाणे महापालिकेच्या खाडीकिनारा विकासाच्या यादीत पारसिकचे नाव आहे.

कळव्याला खाडी ओलांडण्यासाठी पैसा कधी कमी पडला नाही. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी 1853 साली धावली आणि 1 मे 1854 रोजी रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोचले. ब्रिटिश काळातला दगडी कमानींचा रस्तापूल पिढ्यान्‌पिढ्या वापरात होता. महाडजवळ सावित्रीवरचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला, त्यानंतर कळव्याचा हा जुना पूलही वाहतुकीला बंद झाला. तिसऱ्या पुलाचे उद्घाटन 13 नोव्हेंबर 2022 रोजी झाले. हे सगळे खाडीवरून पलीकडे जाण्यासाठी. पाण्यापाशी उतरावे, होडीत पाय ठेवावा, संध्याकाळी म्हाताऱ्या माणसाने वाऱ्याला बसावे, असा पक्का धक्का इथल्या माणसाच्या हक्काचा असावा हे मला मनापासून वाटते. तो केवळ सरकारी निविदेतून येईल, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. पाण्यावरची बांधकामे खासगी पैशातून आणि वर्गणीतून उभी राहिल्याचा दाखला आपल्याकडेच आहे.

माहीम आणि वांद्र्याच्या मध्ये खाडी होती आणि पलीकडे जायला नावच होती. पावसाळ्यात ती उलटायची, माणसे जायची. कंपनी सरकारने पुलासाठी पैसा देण्याचे नाकारले. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई पुढे झाल्या. काम 1843 साली सुरू झाले, खर्च अंदाजाबाहेर गेला, तर त्यांनी आणखी पैसे घातले; त्यांची देणगी 1,57,000 रुपयांवर पोचली. 1845 साली रस्ता खुला झाला. मला देणगीच्या रकमेपेक्षा तिच्यासोबतची अट मोठी वाटते: या वाटेवर टोल घ्यायचा नाही. वाट कुणासाठी, हे दगड बसवण्याआधीच ठरले होते.

भाऊ अजिंक्यांनी त्याच सुमारास मुंबईत धक्का बांधला, तो वेगळ्या हिशेबाने. शहरातला केरकचरा भरावाला वापरला, आणि बदल्यात धक्क्यावरची वसुली करण्याचा हक्क सरकारकडून मिळाला. त्यातही गैर काही नाही. भाऊचा धक्का हे नाव आज माझगावच्या ज्या बंदराला आहे तिथून माणसे रोज रेवसला जातातच. पण वर्गणी म्हणजे काय, ते ठाणेकरांनी तलावाच्या काठी दाखवले. मासुंदा तलावाजवळचे कौपिनेश्वराचे मंदिर सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी 1760 च्या सुमारास बांधले. पुढचा सभामंडप 1879 साली गावातल्या लोकांनी 8,000 रुपये जमवून उभा केला.

तुटलेला धक्का लोकांनी पुन्हा उभा केला, त्याची सगळ्यात बोलकी गोष्ट इंग्लंडमधल्या क्लीव्हडनची आहे. 1869 साली उघडलेल्या या धक्क्याचे पाय जुन्या, टाकून दिलेल्या रेल्वे रुळांचे आहेत. 17 ऑक्टोबर 1970 रोजी विम्यासाठी वजन पेलण्याची चाचणी चालू होती. वर पाण्याच्या टाक्या भरून ठेवल्या होत्या. शेवटचे दोन गाळे त्या भाराने कोसळले. पालिकेला तो पाडून टाकायचा होता. 1980 साली सार्वजनिक चौकशी झाली आणि लोक आडवे आले. ट्रस्ट निघाला, निधी जमला, 1989 साली काही भाग आणि 1998 साली टोकापर्यंतचा धक्का उघडला. फळ्यांवर देणगीदारांच्या नावाच्या छोट्या पितळी पट्ट्या ठोकल्या आहेत. कुणाच्या आजीची, कुणाच्या लेकीची. एकदा फळीवर आजीचे नाव लागले की त्या माणसाला धक्क्याकडे पाठ फिरवता येत नाही.

इंग्लंडमधल्याच हेस्टिंग्जमध्ये मात्र उलटे घडले. 2010 साली तिथला धक्का जळाला. जवळपास 3,000 लोकांनी धक्क्याचे भाग (शेअर) घेतले, मोठी रक्कम राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून आली आणि 2016 साली धक्का खुला झाला. 2017 साली त्याला वास्तुकलेचे स्टर्लिंग पारितोषिक मिळाले, आणि पुढच्या काही आठवड्यांतच त्याचा कारभार दिवाळखोरीच्या प्रशासकांकडे गेला. 2018 साली तो एका व्यावसायिकाला अवघ्या 60,000 पौंडांना विकला गेला. बांधकामाला पैसा मिळाला. पण समुद्राचे मीठ दर वर्षी लोखंड खाते, त्यासाठी लागणाऱ्या रंगाचा, वेल्डिंगचा आणि रखवालदाराच्या पगाराचा मेळ बसला नाही. भाग घेतलेल्या माणसांच्या हाती काहीच उरले नाही, हे वाचताना आजही चुटपुट लागते.

कळव्यात वर्गणी हा रोजच्या व्यवहारातला शब्द आहे. नारळी पौर्णिमा, गणपती, नवरात्र. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारी पोरे काही हजारांपासून लाखांपर्यंत गोळा करतात. हंगामी मंडळांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 41सी खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते, हिशेबही द्यावा लागतो. कायमच्या कामाला मात्र नोंदणीकृत विश्वस्त संस्थाच हवी. खाडीची जमीन कुणाची, किनारा नियमन क्षेत्राचा (सीआरझेड) नियम काय, खारफुटीला हात लावायचा की नाही, याची उत्तरे लोकांनी परस्पर देऊन चालणार नाही. पालिका आणि सरकार सोबत लागेलच. शिवाय वसई-ठाणे-कल्याण हा जलमार्ग 2016 च्या कायद्यात राष्ट्रीय जलमार्ग 53 म्हणून घोषित झाला आहे, त्यामुळे धक्क्याला नुसत्या फेरफटक्यापलीकडचाही उपयोग आहे.

म्हणून धक्क्यासाठीच्या पहिल्या सभेतच दोन गोष्टी कागदावर याव्यात. जमलेल्या प्रत्येक रुपयातला ठरावीक वाटा देखभालीसाठी बँकेत मुदत ठेवीत जाईल आणि मुद्दलाला कुणी हात लावणार नाही. आणि धक्क्यावर चढायला पैसे पडणार नाहीत. त्यानंतर पहिली पावती खारीगाव, विटावा आणि पारसिकच्या कोळीवाड्यांतून फाटावी, कारण खाडीची भरती-ओहोटी तिथल्यांना पाठ आहे.