सुतार झाड मारतो का?

सुतारपक्षी काय करतो, असं वर्गात विचारलं तर 'झाडाला भोकं पाडतो' हे उत्तर येतं आणि त्यामागोमाग 'म्हणून झाड वाळतं' हेही येतं. पहिलं विधान बरोबर आहे. दुसऱ्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे.

परभणी जिल्ह्यात जंगल फार थोडं. पण मराठा सुतार या छोट्या सुताराला दाट रान लागतही नाही. बांधावरच्या बाभळी, ओढ्याकाठची झाडं, जुनी आमराई एवढ्यावर त्याचं भागतं. जॉन लॅथम यांनी १८०१ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा नावात मराठी मुलूख आणला. आज त्याला लिओपिकस महरात्तेन्सिस म्हणतात. साळुंकीहून लहान, १७-१८ सेंटिमीटरचा हा पक्षी. पाठ काळपट, तिच्यावर पांढरे ठिपके, कपाळ पिवळसर आणि पोटावर लाल डाग. नराच्या डोक्यावर मागच्या बाजूला लाल रंग असतो, मादीच्या नसतो.

त्याचं मुख्य खाणं म्हणजे मुंग्या आणि लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या. या अळ्या जास्त करून आजारी किंवा वाळक्या लाकडात असतात. म्हणजे सुतार येण्याआधीच फांदी पोखरली गेलेली असते! दोन बोटं पुढे, दोन मागे अशी पकड घेऊन आणि ताठ शेपटीचा टेकू देऊन तो फांदीवर बसतो, साल उचकटतो आणि लांब, चिकट जीभ भोकात घालतो. या जिभेला आधार देणारी हाडं कवटीला मागून वळसा घालून थेट कपाळापर्यंत येतात.

इथे हुशार मुलं हमखास विचारतात, त्याचं डोकं दुखत नाही का? कवटीतलं स्पंजासारखं हाड धक्का शोषून घेतं, असं अनेक पुस्तकांत लिहिलेलं असतं. २०२२ मध्ये अँटवर्प विद्यापीठाच्या सॅम व्हान वासनबर्ग आणि सहकाऱ्यांनी तीन जातींच्या सुतारांचं अतिवेगवान चित्रण करून तपासलं, तर डोकं ताठ हातोड्यासारखंच वागतं असं दिसलं. ते बरोबरच आहे म्हणा. हातोड्याला गादी बांधली तर खिळा कसा ठोकायचा? मेंदू वाचतो तो मुख्यतः लहान असल्यामुळे.

फेब्रुवारीपासून उन्हाळाभर नर-मादी मिळून ढोली कोरतात, तीही बहुधा वाळक्या फांदीतच. आत गवत-काड्यांचं अंथरूण नसतं. पांढरीशुभ्र, साधारण तीन अंडी नुसत्या लाकडाच्या भुशावर असतात. आणि सुतार निघून गेल्यावर ढोली रिकामी राहत नाही. लहान सलीम अलींना पक्ष्यांच्या नादी लावणारी पिवळ्या गळ्याची चिमणी अशा आयत्या ढोलीत घरटं करते. तिला स्वतःला लाकूड कोरता येत नाही. वाळकी फांदी सरपणासाठी तोडली, की सुताराचं अन्न आणि घर जातंच, शिवाय या भाडेकरूंचंही घर जातं. शाळेच्या आवारातही वाळकं ते आधी तोडायचं अशी आपली रीत असते. फांदी वाटेवर वा वर्गावर पडण्याची भीती असेल तर तोडावीच लागेल; कोपऱ्यातल्या झाडाला ते कारण लागू नाही.

मार्चमध्ये मुलांना एका ओल्या आणि एका वाळक्या फांदीवर काठीने टकटक करून आवाजातला फरक ऐकायला सांगा. फांदीत ढोली मात्र नसावी. मग आवारातलं एक वाळकं खोड निवडून, लांबूनच, आठवडाभर कोण कोण येतं त्याची नोंद ठेवू द्या. नव्या ढोलीखाली ताजा भुसा पडलेला दिसतो. पण घाई नको, तांबटही वाळक्या फांदीत स्वतःची ढोली कोरतो. तेव्हा मालक पाहिल्याशिवाय वहीत नाव लिहायचं नाही.