उपप्रश्नाचा हक्क : संसदेतील प्रश्नोत्तराच्या तासाचा मागोवा

भारतातल्या कायदेमंडळाला सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला तो 1892च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टमुळे. त्याआधी, 1854नंतरच्या काही वर्षांत, गव्हर्नर जनरलच्या विधान परिषदेने कारभाराबद्दल विचारणा करायला सुरुवात केली होती. लंडनला ते रुचले नाही. 1861च्या कायद्याने परिषदेचे काम कायदे करण्यापुरतेच मर्यादित केले आणि विचारणेची वाट बंद झाली. ती उघडायला तीस वर्षे लागली, आणि उघडली तीही जेमतेम. प्रश्नाची सूचना सहा दिवस आधी द्यावी लागे. प्रश्न फक्त माहिती मागणारा असावा, त्यात मत किंवा युक्तिवाद नसावा, अशी अट होती. अध्यक्षांना तो नाकारता येई. उत्तर वाचून दाखवले की विषय संपला. त्यावर चर्चा नाही आणि त्यातून निघणारा दुसरा प्रश्नही नाही.

या चौकटीतला पहिला प्रश्न 16 फेब्रुवारी 1893 रोजी भिनगा संस्थानच्या राजांनी विचारला. दौऱ्यावर निघालेल्या अधिकाऱ्यांच्या छावण्यांना रसद पुरवताना गावोगावच्या दुकानदारांची जी ओढाताण होते, तिच्याबद्दल तो होता. विषय लहान वाटला तरी प्रश्नाची जात पुढे सव्वाशे वर्षे टिकली. साहेबाच्या तंबूत धान्य कोण पोचवतो आणि त्याचे पैसे मिळतात का, हे प्रजेच्या वतीने सत्तेला विचारले गेले होते. मुंबई प्रांताच्या परिषदेत फिरोजशहा मेहता, लोकमान्य टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले हेही याच अपुऱ्या हक्कावर काम करत होते. सरकारचे उत्तर अर्धवट असले तरी ते अर्धवट आहे हे सभागृहातच दाखवून देण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते.

ते साधन म्हणजे उपप्रश्न. मूळ प्रश्नाचे उत्तर खात्यातले अधिकारी तयार करतात आणि सरकार ते वाचून दाखवते. उपप्रश्नाचे उत्तर मात्र उत्तर देणाऱ्याला उभ्या उभ्या द्यावे लागते. त्याला विषय कळला आहे का, तो काही लपवतो आहे का, हे तिथेच उघडे पडते. म्हणूनच प्रश्नोत्तराच्या तासाचा इतिहास हा मुख्यतः उपप्रश्नाचा इतिहास आहे. 1909च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मूळ प्रश्न विचारणाऱ्या सदस्याला उपप्रश्नाची मुभा दिली. 1919च्या सुधारणांनंतर ती इतर सदस्यांनाही मिळाली. 1921पासून मध्यवर्ती विधानसभेत बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठी राखला जाऊ लागला आणि तोंडी उत्तर हवे असलेल्या प्रश्नावर तारा छापण्याची पद्धत आली. तारांकित आणि अतारांकित ही विभागणी तेव्हापासूनची आहे.

त्या विधानसभेला सरकार खाली खेचता येत नव्हते, कारण कार्यकारी मंडळ तिला जबाबदारच नव्हते. तरीही 1935नंतर काँग्रेसचे एस. सत्यमूर्ती यांच्यासारख्या सदस्यांनी उपप्रश्नांच्या जोरावर सरकारी बाकांना घाम फोडला. एक दार मात्र पूर्ण बंद होते. ब्रिटिश सरकारचे परराष्ट्रांशी असलेले संबंध आणि संस्थानिकांशी असलेले संबंध हे दोन्ही विषय प्रश्नांच्या कक्षेबाहेर ठेवलेले होते. हिंदी सैनिक कुठे आणि कोणासाठी लढतात, त्याबद्दल हिंदी प्रतिनिधींनी विचारायचे नाही, असा त्याचा अर्थ होई.

स्वातंत्र्यानंतर हे दार उघडले. राज्यघटनेत प्रश्नोत्तराच्या तासाचा उल्लेख नाही. घटनेच्या 75व्या अनुच्छेदात मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असल्याचे म्हटले आहे. ती जबाबदारी रोज कशी वसूल करायची, हे सभागृहाच्या नियमांवर सोडले आहे. ते नियम आणि त्यांमागचे संकेत रुजवण्यात लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर यांचा वाटा मोठा आहे. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले आणि कर्मभूमी अहमदाबाद. मुंबई विधानसभेचे आणि नंतर मध्यवर्ती विधानसभेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले होते, त्यामुळे परकीय सरकारला प्रश्न विचारणे आणि आपल्याच सरकारला प्रश्न विचारणे यांतला फरक त्यांनी जवळून पाहिला होता. त्यांच्याच कारकिर्दीत, डिसेंबर 1953मध्ये, शासकीय आश्वासनांची समिती नेमली गेली. ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवू’ असे मंत्री म्हणाले, तर ते आश्वासन धरून तीन महिन्यांत ते पुरे झाले का, हे ही समिती तपासते. उत्तर टाळण्याची सगळ्यांत सोपी पळवाट अशी निदान नोंदीत तरी येऊ लागली.

प्रश्न विचारण्याच्या हक्काला बाजारभाव असतो, हेही सुरुवातीलाच दिसले. 1951मध्ये हंगामी संसदेतले सदस्य एच. जी. मुदगल यांनी बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन तिच्या सोयीचे प्रश्न विचारल्याचे चौकशीत सिद्ध झाले. चौकशी समितीचे अध्यक्ष टी. टी. कृष्णम्माचारी होते. मुदगल यांनी बडतर्फीआधीच राजीनामा दिला, तरी त्यांचे वर्तन बडतर्फीलाच पात्र होते, अशी नोंद सभागृहाने करून ठेवली. सात वर्षांनी याच कृष्णम्माचारींना एका प्रश्नामुळे मंत्रिपद सोडावे लागले.

ते मुंदडा प्रकरण प्रश्नोत्तराच्या ताकदीचा आजवरचा सर्वांत स्वच्छ नमुना आहे. आयुर्विमा महामंडळ सप्टेंबर 1956मध्ये स्थापन झाले. लाखो विमेदारांचा पैसा सरकारच्या ताब्यात आला होता. जून 1957मध्ये महामंडळाने कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. या कंपन्यांची स्थिती नाजूक होती. सप्टेंबरमध्ये राम सुभग सिंह यांनी त्याबद्दल प्रश्न विचारला, तेव्हा मिळालेले उत्तर मोघम होते. नोव्हेंबरच्या अखेरीस विषय पुन्हा सभागृहात आला. आधीच्या उत्तरातल्या फटी आता उपप्रश्नांनी रुंद केल्या. 16 डिसेंबरला फिरोज गांधींनी सगळा व्यवहार तपशिलाने मांडला: खरेदी कधी झाली, कोणत्या भावाने झाली, कोणाच्या सांगण्यावरून झाली. ते सत्ताधारी काँग्रेसचे सदस्य होते आणि पंतप्रधानांचे जावईही. प्रश्न विचारणे हे विरोधकांचेच काम असते, असे तेव्हा कोणी मानत नव्हते, ही गोष्ट या प्रकरणात सर्वांत मोलाची आहे. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. मुंबईत सुनावणी उघड झाली आणि लोकांनी गर्दी करून ती ऐकली. आयोगाने काही आठवड्यांत अहवाल दिला. फेब्रुवारी 1958मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी पायउतार झाले. पहिल्या प्रश्नापासून राजीनाम्यापर्यंत सहा महिनेही लागले नाहीत.

परराष्ट्र धोरणावरच्या प्रश्नांची गोष्ट वेगळी आहे. जवाहरलाल नेहरूंनी परराष्ट्र खाते मे 1964पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, स्वतःकडेच ठेवले. त्यामुळे परराष्ट्र धोरणावरचा प्रत्येक प्रश्न थेट पंतप्रधानांना होता आणि उत्तर द्यायला बहुधा तेच उभे राहत. नियमांतही एक कुंपण होते आणि ते आजही आहे: मित्रराष्ट्राबद्दल अनादराचा उल्लेख असलेला प्रश्न स्वीकारला जात नाही. तरीही 1950च्या दशकात पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याचा प्रश्न संसदेत पुन्हा पुन्हा उपस्थित झाला. 1957च्या निवडणुकीनंतर पुण्याचे ना. ग. गोरे लोकसभेत आले. 1955च्या गोवा सत्याग्रहासाठी ते पोर्तुगीज तुरुंगात होते. बंगालचे त्रिदिब चौधुरी यांनीही तोच तुरुंग भोगला होता, तोही खासदार असताना. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै त्याच वर्षी राजापूरमधून निवडून आले. गोव्याबद्दल संयम का, आणि किती काळ, हे विचारणारी माणसे गोवा पुस्तकांतून ओळखणारी नव्हती.

चीनच्या बाबतीत प्रश्नांनी सरकारला बोलते केले. 1959च्या उन्हाळ्यापर्यंत सीमेवरच्या कुरबुरींची बरीच माहिती पत्रव्यवहारातच होती. 25 ऑगस्टला लोंगजूला चकमक झाली आणि 28 ऑगस्टला नेहरूंना तिची माहिती लोकसभेत द्यावी लागली. अक्साई चीनमधून चीनने काढलेल्या रस्त्याची गोष्टही त्याच सुमारास संसदेसमोर आली. सदस्यांच्या आग्रहामुळे सरकारने दोन देशांमधला पत्रव्यवहार श्वेतपत्रिकेच्या रूपाने 7 सप्टेंबर 1959 रोजी प्रसिद्ध केला आणि पुढे अशा श्वेतपत्रिका निघत राहिल्या. सीमाप्रश्नावर वाटाघाटींचा अवकाश यामुळे कमी झाला, असे काही अभ्यासक मानतात. त्यात तथ्य आहे. पण रस्ता बांधून झाल्यावर दोन वर्षांनी लोकप्रतिनिधींना त्याची बातमी कळते, यात दोष विचारणाऱ्यांचा नव्हता.

1962च्या युद्धात हिवाळी अधिवेशन अलीकडे आणून 8 नोव्हेंबरला सुरू केले गेले. त्यात प्रश्नोत्तराचा तास नव्हता. अधिवेशन भरण्याच्या आदल्याच दिवशी, आधी संरक्षणमंत्री असलेले कृष्ण मेनन मंत्रिमंडळाबाहेर पडले होते. चर्चा झाली आणि सरकारवर टीकाही झाली. संरक्षणमंत्रिपद सांभाळायला महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. 2 सप्टेंबर 1963 रोजी त्यांनी नेफातील (आजच्या अरुणाचल प्रदेशातील) पराभवाच्या लष्करी चौकशीचे निष्कर्ष लोकसभेत निवेदनातून सांगितले. मूळ अहवाल मात्र गोपनीयच राहिला, आणि त्यावरचे प्रश्न पुढच्या अनेक लोकसभांमध्ये त्याच उत्तरावर आपटत राहिले.

1960च्या दशकाचा उत्तरार्ध प्रश्नकर्त्यांचा सुवर्णकाळ मानता येईल. पुण्याचे मधू लिमये बिहारमधल्या मुंगेरमधून 1964मध्ये लोकसभेत आले. नियमांचे पुस्तक हे विरोधकांचेही शस्त्र आहे, हे त्यांच्याइतके कोणी ओळखले नव्हते. कोणता प्रश्न तारांकित करायचा, उत्तर चुकीचे निघाले तर कोणत्या नियमाखाली ते दुरुस्त करून घ्यायचे, हक्कभंग कधी आणायचा, हे सगळे ते अभ्यासून येत. प्रश्नोत्तराचा तास संपताच, दुपारी बारा वाजता, पूर्वसूचनेशिवाय विषय मांडण्याची प्रथाही याच दशकात रूढ झाली. नियमावलीत तिला जागा नव्हती, तरी ‘शून्य प्रहर’ टिकला.

जुलै 1975मध्ये, आणीबाणी जाहीर झाल्यावर भरलेल्या पहिल्या अधिवेशनात, सरकारी कामकाजाखेरीज सगळे बाजूला ठेवले गेले. प्रश्नोत्तराचा तासही त्यात गेला. अनेक विरोधी खासदार तेव्हा तुरुंगात होते. संसदेतले कामकाज निर्भयपणे छापता यावे म्हणून फिरोज गांधींच्या पुढाकाराने 1956मध्ये झालेला कायदाही आणीबाणीत रद्द केला गेला. 1977मध्ये तो पुन्हा आला. प्रश्न विचारणे आणि त्याचे उत्तर वृत्तपत्रात छापणे हे दोन्ही हक्क एकाच वेळी काढून घेण्यात सत्तेला कोणतीही गफलत झाली नव्हती. दोन्हींचा एकमेकांशी असलेला संबंध तिला नेमका कळला होता.

1990च्या दशकात प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवर दिसू लागला. घराघरांत मंत्र्यांची तयारी आणि फजिती दोन्ही पोचल्या, तसा गोंधळही पोचला. बोफोर्स तोफखरेदी प्रकरणाच्या काळापासून विरोधाचे हत्यार म्हणून सभागृह बंद पाडणे वाढत गेले आणि पहिला बळी अकरा वाजताच्या तासाचा जाऊ लागला. राज्यसभेने यावर उपाय म्हणून नोव्हेंबर 2014पासून तो बारा वाजता नेला. 2009च्या अखेरीस तर लोकसभेत प्रश्न विचारणारे बहुतेक सदस्यच गैरहजर निघाले आणि तास वेळेआधी आटोपला. स्वतः मिळवलेली संधी अशी वाया घालवणे हे मंत्र्यांच्या टाळाटाळीपेक्षा कमी गंभीर नाही. डिसेंबर 2005मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारण्याची तयारी दाखवणारे अकरा खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले. दोन्ही सभागृहांनी त्याच महिन्यात त्यांना बडतर्फ केले आणि सर्वोच्च न्यायालयाने 2007मध्ये ती कारवाई वैध ठरवली. डिसेंबर 2023मध्ये महुआ मोईत्रा यांना अशाच आरोपावरून लोकसभेतून काढण्यात आले. पैसे घेतल्याचा आरोप त्यांनी नाकारला आहे.

आजच्या नियमांप्रमाणे लोकसभेत रोज 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न यादीत येतात. कोणाचा प्रश्न यादीत येईल हे सोडत ठरवते. मूळ प्रश्नकर्त्याला दोन उपप्रश्न मिळतात, मग सभापती इतरांना संधी देतात. एरवी तासाभरात चार-सहा प्रश्नच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. नोव्हेंबर 2019मध्ये एका दिवशी वीसच्या वीस तारांकित प्रश्न पुकारले गेले आणि त्याचे मोठे कौतुक झाले. पण वीस प्रश्नांना साठ मिनिटे म्हणजे प्रश्नामागे तीन मिनिटे. एवढ्यात मंत्र्याला कोंडीत पकडणारा दुसरा, तिसरा उपप्रश्न बसत नाही. मुंदडा प्रकरण त्या वेगाने उघडकीला आले नसते.

परराष्ट्र आणि संरक्षणाच्या बाबतीत सभागृहाची अनुपस्थितीही बोलकी आहे. 1999मध्ये कारगिलचे युद्ध झाले तेव्हा लोकसभा विसर्जित झालेली होती. राज्यसभेचे खास अधिवेशन बोलावण्याची विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. जून 2020मध्ये गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या संघर्षात वीस भारतीय जवान धारातीर्थी पडले. त्यानंतरचे पहिले अधिवेशन 14 सप्टेंबरला भरले. करोनाच्या कारणाने त्यात प्रश्नोत्तराचा तास ठेवला नव्हता. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी दोन्ही सभागृहांत निवेदन केले. लोकसभेत त्यावर खुलासे विचारण्याची मुभा मिळाली नाही आणि काँग्रेसने सभात्याग केला.

त्याच अधिवेशनात अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे मात्र नेहमीप्रमाणे येत होती. टाळेबंदीत घराकडे निघालेले किती स्थलांतरित मजूर मेले, असे विचारले असता अशी माहिती ठेवली जात नाही, असे कामगार मंत्रालयाने कळवले. लेखी उत्तर तिथेच थांबते. माहिती का ठेवली नाही, राज्यांकडून मागवली होती का, रेल्वेकडे काय नोंदी आहेत, हे विचारायला तोंडी उपप्रश्नच लागतो, आणि त्या अधिवेशनात तो नव्हता. 2021च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तास पुन्हा सुरू झाला. सप्टेंबर 2023मध्ये बोलावलेल्या विशेष अधिवेशनाच्या कामकाजातून तो परत वगळला गेला.