चेहऱ्याच्या प्रसाधनांचा क्रम : सनस्क्रीन शेवटी का?

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळुरूची हवा वर्षातील बराच काळ सौम्य असते. ऊन भाजत नसल्याने ते अपायकारक नाही, असा समज तेथे सहज होतो. मात्र उष्णता आणि अतिनील किरण या भिन्न गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनुसार दर १००० मीटर उंचीमागे या किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते. विरळ ढगही त्यांना अडवू शकत नाहीत. त्यामुळे या शहरात सनस्क्रीन वर्षभर आवश्यक ठरते; परंतु क्रम चुकल्यास त्याचा उपयोग घटतो.

सकाळी प्रथम सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा. नंतर सीरम, त्यावर मॉइश्चरायझर आणि शेवटी सनस्क्रीन लावावे. पातळ सीरम त्वचेत मुरणे अपेक्षित असते. आधी दाट क्रीम लावल्यास त्यात अडथळा येतो. सनस्क्रीनचे कार्य याहून वेगळे आहे. त्याचा सलग, एकसारखा थर त्वचेवर टिकावा लागतो. त्यावर दुसरे क्रीम चोळल्यास हा थर विस्कटतो. म्हणूनच सनस्क्रीन मॉइश्चरायझरमध्ये मिसळून लावणेही अयोग्य होय. मेकअप करावयाचा असल्यास तो यानंतर, हलक्या हाताने करावा.

रेटिनॉलयुक्त क्रीम मात्र रात्रीच वापरावे. डॉक्टरांनी दिलेल्या मलमाचा क्रम त्यांनाच विचारावा.

सीरम अनिवार्य नाही. फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि किमान एसपीएफ ३० असलेले सनस्क्रीन बहुतेकांना पुरेसे असते. उन्हात असताना ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे.