चालत्या दगडांचे वाळवंट

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात डेथ व्हॅली, म्हणजे मृत्यूची दरी, या नावाचा एक उजाड मुलूख आहे. तेथील फर्नेस क्रीक या ठिकाणी १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस इतके तापमान नोंदले गेले. अशा ठिकाणी माणसे केवळ हौसेखातर जातात, याचे वाचकांस नवल वाटेल. १९९४ पासून हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला आहे, आणि त्याच्या एका दूरच्या कोपऱ्यात ‘रेसट्रॅक प्लाया’ हे कोरडे सरोवर आहे.

तेथवर पोहोचणे सोपे नव्हे. उबेहेबे या ज्वालामुखीच्या विवरापासून सुमारे ४३ किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे. त्यावरील टोकदार दगडांनी टायर फाटतात. वाटेत पाणी नाही, दूरध्वनी चालत नाही. म्हणून पुरेसे पाणी व जादा चाक बरोबर न्यावेच लागते. वाटेवरच्या एका तिठ्यावर प्रवाशांनी किटल्या टांगून ठेवल्या आहेत. चहा मात्र तेथे मिळत नाही!

सरोवराचा तळ सुमारे साडेचार किलोमीटर लांब व दोन किलोमीटर रुंद असून जवळजवळ सपाट आहे. वाळलेल्या चिखलास तडे जाऊन त्यावर फरशीसारखी नक्षी उमटलेली दिसते. या फरशीवर डोंगरातून गळून पडलेले दगड विखुरलेले आहेत, आणि कित्येकांच्या मागे लांबच लांब चाकोऱ्या आहेत. दगड सरकतात हे उघड होते. पण त्यांस सरकताना कोणी पाहिले नव्हते. भयंकर वादळापासून चुंबकशक्तीपर्यंत नाना तर्क झाले.

डिसेंबर २०१३ मध्ये रिचर्ड नॉरिस व जेम्स नॉरिस यांनी ते दृश्य प्रत्यक्ष पाहिले. पावसाचे उथळ पाणी तळावर साचले होते. रात्री त्यावर अवघा ३ ते ६ मिलिमीटर जाडीचा बर्फाचा पापुद्रा धरला. दुपारच्या आत उन्हाने तो फुटला, आणि सेकंदाला चार-पाच मीटर वेगाच्या साध्या वाऱ्याने त्याचे विस्तीर्ण तुकडे तरंगत निघाले. त्यांच्या रेट्याने दगड मिनिटाला दोन ते पाच मीटर या गतीने मऊ चिखलावरून घसरू लागले. इतकी मंद हालचाल दुरून लक्षातही येत नाही. पुढे पाणी आटले, चिखल वाळला आणि चाकोऱ्या पक्क्या झाल्या.

परंतु जो चिखल दगडाची वाट जपून ठेवतो, तोच माणसाचे पाऊलही जपतो. ओल्या तळावर उमटलेला ठसा वर्षानुवर्षे बुजत नाही. २०१६ मध्ये कोणी तरी येथे मोटार घातली. तिच्या चाकांचे सुमारे १६ किलोमीटर लांबीचे माग मागे राहिले. म्हणून वाहन तळावर नेण्यास सक्त मनाई आहे, आणि तळ ओला असेल तर पायी जाणाऱ्यानेही काठावरच थांबावयाचे असते.

कोरड्या दिवशी आग्नेय कोपऱ्याकडे चालत गेले म्हणजे पुष्कळ दगड जवळून पाहता येतात. काही चाकोऱ्यांच्या टोकाशी मात्र दगडच नाही. त्यांतील काही नुसत्या बर्फाने कोरल्या असतील. पण कित्येक दगड पाहुण्यांनी आठवण म्हणून उचलून नेले आहेत.